नोट्स काढाव्यात की कोऱ्या कागदावर आठवावं? बारावी सायन्सवाल्यांसाठी

कॉलेज, क्लास आणि प्रॅक्टिकलचं जर्नल उरकल्यावर बारावी सायन्सच्या मुलाकडे स्वतःचे म्हणावेत असे संध्याकाळचे दोन-तीन तास उरतात. त्या वेळात धडा पुन्हा वाचून व्यवस्थित नोट्स काढायच्या, की पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहायचं आणि लगेच प्रश्नांना बसायचं? मी दोन्ही केलं आहे. अकरावीभर आणि बारावीच्या पहिल्या सत्रात नोट्स, दिवाळीनंतर कोरा कागद.

नोट्सच्या बाजूनं बोलण्यासारखं बरंच आहे. हात चालू असला की मन भरकटत नाही. ऑरगॅनिक केमिस्ट्रीच्या रिअ‍ॅक्शन एका पानावर उतरल्या की कशापासून काय बनतं याची साखळी दिसते, जी पुस्तकात पाच-सहा पानांवर विखुरलेली असते. मेडिकल प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा देणाऱ्यांसाठी तर हा मुद्दा आणखी मोठा आहे. तिथे 180 पैकी 90 प्रश्न बायोलॉजीचे असतात आणि तेही एनसीईआरटीच्या पाठ्यपुस्तकांतल्या मजकुराला धरून. मी मॅथ्स ग्रुपचा, त्यामुळे बायोलॉजीबद्दल फार ठामपणे बोलणार नाही. वर्गात शिकवत असताना उतरवून घेतलेल्या नोट्सही मी या वादात धरत नाही, त्या हव्यातच.

माझी अडचण एकच होती आणि तिनंच माझा निर्णय केला: नोट्स कधी पूर्णच होत नाहीत. स्टेट बोर्डाच्या बारावीच्या फिजिक्सचे धडे 16, केमिस्ट्रीचे 16, मॅथ्स वेगळं. रोटेशनल डायनॅमिक्स वहीत नीट उतरेपर्यंत क्लासमध्ये फ्लुइड्स संपून कायनेटिक थिअरी सुरू झालेली असते. मग रविवार मागचं भरून काढण्यात जातो. प्रश्न कधी सोडवायचे? तर नोट्स झाल्यावर. हे ‘झाल्यावर’ पुढे पुढे सरकत राहतं आणि वही जाड होत असल्यामुळे घरच्यांना आणि आपल्यालाही अभ्यास चाललाय असंच वाटतं. माझ्या वर्गातली अत्यंत मेहनती मुलं या चक्रात अडकलेली मी पाहिली आहेत. त्यांच्या कष्टात काही कमी नव्हतं, म्हणूनच त्याचं जास्त वाईट वाटतं.

कोऱ्या कागदाचं काम त्याच संध्याकाळी संपतं. उदाहरणार्थ, बँक केलेल्या, म्हणजे वळणावर एका बाजूला कललेल्या, रस्त्यावरची कमाल सुरक्षित गती. पुस्तक मिटून आकृती काढायची, बलं दाखवायची, समीकरणं मांडायची. बहुतेकांचा हात घर्षणाच्या घटकांपाशी थांबतो. नेमकं तेवढंच पुस्तकात पाहायचं, लाल पेनानं भरायचं आणि त्यावरचे प्रश्न घ्यायचे. तोच विषय आठवड्यानं पुन्हा, पुन्हा कोऱ्या कागदावर. बोर्डाला डेरिव्हेशनमध्ये पायऱ्यांना गुण असतात, त्यामुळे हाच सराव तिथेही उपयोगी पडतो. इंजिनिअरिंग प्रवेशाच्या सीईटीत तर फिजिक्स-केमिस्ट्रीचे मिळून 100 प्रश्न 90 मिनिटांत संपवायचे असतात. आठवायला मिनिटभरही मिळत नाही. सावकाश आठवण्याची कसरत घरीच झालेली बरी.

या पद्धतीचा त्रासही सांगायला हवा. सुरुवातीला कागद बराचसा रिकामाच राहतो आणि शेजारी नोट्स वाचत बसलेला मित्र आपल्यापेक्षा पुढे आहे असं वाटतं. तसं वाटणं अगदी चुकीचंही नाही. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात, पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत उतारा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं घेतलेल्या चाचणीत मात्र, न बघता आठवून लिहिणारे. आपली परीक्षा महिन्यांनंतर असते, पाच मिनिटांनी नाही. म्हणून पहिले काही आठवडे धीर धरावा लागतो.

धडा मुळात समजलाच नसेल तर कोरा कागद उपयोगाचा नाही. आधी सरांना गाठावं. आणि लिहिलेलं पुस्तकाशी ताडून पाहायचा कंटाळा असेल, तर चुकीचंच पक्कं होईल.

नोट्स काढल्याशिवाय ज्यांना चैन पडत नाही, त्यांनी ती सवय एकदम मोडू नये. ऑरगॅनिक आणि बायोलॉजीपुरती ठेवावी. फिजिक्स आणि मॅथ्ससाठी मात्र मला विचाराल तर कोराच कागद. नोट्स हव्याच असतील तर लाल पेनानं भरलेलं तेवढं एका वेगळ्या वहीत उतरवा. धड्यामागे जेमतेम पानभर होतं आणि परीक्षेच्या आदल्या रात्री अख्खी वही वाचून होते.