जुन्या चेनसॉची पेट्रोल नळी: पिवळी लावली, उन्हाळ्यानंतर काढली

माझ्याकडचा ५८ सीसीचा चेनसॉ आता जुना झाला आहे. यावल तालुक्यात बांधावरच्या वाळलेल्या बाभळी आणि वादळात पडलेली झाडे कापायला तो लागतो. काम रोजचे नसते, पण असते तेव्हा खोळंबून चालत नाही. मागच्या हिवाळ्यात त्याने एकच तक्रार धरली. थंड असताना तो चालू व्हायचा, आयडलवर थोडा वेळ टिकायचा आणि रेस दिली की बंद पडायचा.

शहरातल्या एका सर्व्हिस सेंटरने यंत्र उघडण्याआधीच कार्बोरेटर आणि संपूर्ण टाकी बदलावी लागेल, असे सांगितले. नळी सुटी मिळत नाही, असेही वर ऐकवले. त्यांनी सांगितलेला आकडा नव्या यंत्राच्या जवळपास निम्म्या किमतीचा होता. नळी एकदा वाकवून पाहण्याचेही कष्ट तिथे कोणी घेतले नाहीत, याचा राग मला अजून आहे. मी यंत्र उचलून घरी आणले.

एअर फिल्टरचे झाकण आणि कार्बोरेटर काढल्यावर दोष सापडायला वेळ लागला नाही. जुनी काळी नळी सरळ धरली तर धडधाकट दिसत होती. पण टाकीच्या भोकात बसणारा भाग दोन बोटांत दुमडताच त्यावर केसासारख्या बारीक चिरा उघडल्या आणि अंगठा काळा झाला. कार्बोरेटरमधला पडदा इंजिनाच्या दाबावर हलून याच नळीतून पेट्रोल ओढतो. नळीला चीर असेल तर पेट्रोलबरोबर हवाही ओढली जाते. मिस्तरी त्यालाच मशीन हवा घेते असे म्हणतात. टू-स्ट्रोक इंजिनाला तेल पेट्रोलमधूनच मिळते, त्यामुळे पेट्रोल कमी पडले की तेलही कमी पडते आणि पिस्टन कोरडा घासून तापतो. असे यंत्र चोक ओढून, रेस देऊन तसेच चालवत राहिले, तर नळीचा खर्च पिस्टन-सिलिंडरवर जातो. म्हणून या दुरुस्तीला मी किरकोळ मानत नाही.

जुन्या नळीचे रबर कशाने गेले, याबद्दल माझे मत स्पष्ट आहे. फेब्रुवारी २०२३ पासून २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल विकायला सुरुवात झाली आणि आता सगळीकडे तेच मिळते. जुन्या यंत्रांतले साधे रबर त्याने फुगते, पुढे वाळून कडक होते आणि तडकते. शिवाय इथेनॉल हवेतला ओलावा धरते. त्यामुळे टाकीत महिनोन्महिने पडून राहिलेले पेट्रोल दुहेरी नुकसान करते.

मूळ घाटाची नळी तेव्हा मिळाली नाही, म्हणून मीटरवर मिळणारी पिवळी पारदर्शक नळी घेतली. आतला व्यास अडीच आणि बाहेरचा पाच मिलिमीटर. टाकीतला फिल्टर वाकवलेल्या तारेने बाहेर काढला, नळीचे टोक लांबट तिरपे कापले, त्याला टू-टी तेलाचे बोट लावले आणि भोकातून ओवून टाकीच्या तोंडातून चिमट्याने ओढून घेतले. मग तिरपा भाग सरळ कापून त्यावर नवा फिल्टर बसवला. लांबीकडे विशेष लक्ष द्यावे लागते: यंत्र आडवे धरले तरी फिल्टर तळाशी पोहोचला पाहिजे, पण नळी आत दुमडता कामा नये.

पहिले काही महिने मी या नळीवर अतिशय खूश होतो. यंत्र पूर्ण रेसवर न अडखळता चालू लागले. पारदर्शकपणाचा तर असा उपयोग झाला की चालू करण्याआधी पेट्रोल ओढून घेण्यासाठी असलेला रबरी फुगा (प्रायमर) दाबल्यावर नळीतून बुडबुडे जातात की सलग पेट्रोल, हे डोळ्यांनी दिसायचे. त्या वेळी मत लिहिले असते तर मी पूर्ण गुण दिले असते.

मे महिन्याने ते मत बदलले. आमच्याकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. टाकीचा ब्रीदर हवा आत घेतो, पण पेट्रोल बाहेर येऊ नये म्हणून उलट दिशेने बंद राहतो. त्यामुळे उन्हात टाकीत वाफेचा दाब वाढतो. पिवळी नळी एव्हाना कडक आणि किंचित बारीक झाली होती. तिची भोकातली पकड सुटली आणि यंत्र आडवे ठेवले की त्या फटीतून पेट्रोल पाझरू लागले. तापलेल्या सायलेन्सरपासून वीतभर अंतरावर ओले पेट्रोल दिसल्यावर मी काम तिथेच थांबवले.

तेव्हापासून नळी हातात घेतली की मी सर्वांत आधी भोकाचा विचार करतो. पेट्रोल वाहून नेण्याचे काम कोणतीही बरी नळी करील. टाकीचे भोक घट्ट बंद ठेवण्याचे काम प्रत्येक नळी करीत नाही. दुकानदार लांबी विचारतो, फार तर आतला व्यास विचारतो, बाहेरचा व्यास मात्र कोणी विचारत नाही. तो भोकापेक्षा किंचित मोठा हवा, म्हणजे नळी ओढताना जोर लागेल आणि बसल्यावर बोटाने फिरणार नाही. पिवळ्या नळ्या सगळ्या वाईट असतात, असे मी म्हणत नाही. टायगॉन या ब्रँडच्या अस्सल नळीवर नाव छापलेले असते; माझ्या नळीवर एक अक्षरही नव्हते. छापलेले नाव पाहूनच आता खरेदी करावी.

पावसाळ्याच्या तोंडाशी सुट्या भागांच्या एका विक्रेत्याकडून मूळ घाटाची काळी नळी मागवली. तिला भोकाच्या जागी रबराची जाड कॉलर असते. ती दाबून बसवली की दोन्ही बाजूंनी कडा धरते. बसवण्याआधी नळी गरम पाण्यात ठेवल्याने काम सोपे झाले. तिची किंमत दीडशे रुपयांच्या आत होती, आणि सुटी मिळत नाही म्हणून सांगितलेला भाग तो हाच. वादळात पडलेला निंब तिच्यावरच कापला आणि टाकीखालचा भाग कोरडा राहिला. काम संपले की आता टाकी रिकामी करतो आणि यंत्र आपोआप बंद पडेपर्यंत आयडलवर चालवतो.

फुग्याकडून टाकीत परत जाणारी दुसरी नळी अजून पिवळीच आहे. तिच्या भोकाला सध्या पकड आहे, पण कॉलरवाली नळी घेऊन ठेवली आहे आणि पुढच्या उन्हाळ्याआधी तीही बदलणार आहे.