कुडाळच्या अलीकडचं मेस्त्रींचं गॅरेज: जुन्या पेट्रोल गाडीवाल्यांसाठी

आमची मारुती ८०० आहे, १९९८ ची, कार्बोरेटरवाली (म्हणजे पेट्रोल-हवेचं मिश्रण सेन्सरने नाही, स्क्रूने जुळवायचं). बाबांनी नवीन घेतलेली, आणि बाबा गेल्यापासून मी ती सांभाळतोय. घर मालवणच्या बाजूला, किनाऱ्यापासून चालत पाच मिनिटांवर. गाडी मांगरात (घराजवळच्या शेडमध्ये) असते पण खारा वारा काय भिंत बघून थांबत नाही, समुद्राजवळ राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको, गेटच्या बिजागऱ्या दर दोन वर्षांनी बदलाव्या लागतात तिथे इंजिनावरच्या वायरींचं काय होत असेल.

तर जुलैत गाडी मिसिंग करायला लागली, म्हणजे एखादा सिलिंडर मधेच पेट्रोल जाळेनासा झाला. सकाळी सेल्फ मारला की चालू व्हायची पण तीनपैकी दोनच सिलिंडरवर चालल्यासारखी थरथरायची, बोनेट हलताना दिसायचं, पिकअप नाही, आणि चौक्याच्या पुढे जरा चढ आला की झटके. दुपारी ऊन पडलं की बरी. दुसऱ्या दिवशी सकाळी परत तेच. एका गॅरेजला दाखवली (नाव लिहीत नाही), त्यांनी तिन्ही स्पार्क प्लग (सिलिंडरमध्ये ठिणगी पाडणारे) नवे टाकले, एअर फिल्टर बदलला, कार्बोरेटर खोलून साफ केला. चार दिवस उघाड होती तर गाडी छान चालली, पाऊस लागला आणि परत मिसिंग सुरू. परत नेली तर म्हणाले आता प्लग नवीन आहेत म्हणजे प्रश्न आतला आहे, पिस्टनच्या रिंगा गेल्यात, इंजिन बोअर करावं लागेल (सगळं खोलून सिलिंडर आतून घासून घ्यायचे), २८ हजार धरून चला. चतुर्थीला पंधरा दिवस राहिलेले, मुंबईहून माणसं येणार, आणि बाबांच्या गाडीचं इंजिन खोलायचं म्हटल्यावर त्या रात्री मला खरंच झोप लागली नाही.

शेजारच्या काकांनी या मेस्त्रींकडे जायला सांगितलं. नेरूरपारचा पूल ओलांडून कुडाळकडे येताना डाव्या हाताला पत्र्याची शेड आहे, बोर्ड नाही, बाहेर एक फियाट पद्मिनी आणि दोनतीन जुन्या जीप उभ्या दिसतील. मेस्त्री साठीच्या पुढचे आहेत, सोबत एक मुलगा कामाला. मी बोअरिंगचं सगळं सांगायला लागलो तर त्यांनी एकच प्रश्न विचारला, "पावसातच मिसिंग करता की उनातय?" मी म्हटलं पावसातच. मग म्हणाले, "बोर कित्याक करतंस? आधी पलग काय सांगता ता बघूया." गाडी रात्रभर इथेच ठेव म्हणाले, कारण गरम इंजिनाचे प्लग ते काढत नाहीत. प्लग ज्यात बसतो ते इंजिनाचं हेड अॅल्युमिनियमचं असतं, गरम असताना प्लग फिरवला तर आटेच खराब होतात आणि मग खरोखरच मोठा खर्च येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सात वाजता तिथे. आधी त्यांनी गाडी चालू केली आणि रबर चढवलेल्या पकडीने एकेक प्लग वायर ओढून बघितली. पहिली काढली, इंजिन लगेच पडायला आलं. तिसरी काढली, तसंच. मधली काढली तर काही फरकच नाही, होतं तसंच चालू. म्हणजे दोन नंबरचा सिलिंडर कामच करत नव्हता. हे बघायला पाच मिनिटं लागली, आणि आधीच्या ठिकाणी दोन खेपांत कोणी हे केलं नव्हतं. (घरी करून बघू नका, त्या वायरीत हजारो व्होल्ट असतात. आणि नवीन एमपीएफआय (इंजेक्शनवाल्या) गाडीत असं चालत्या इंजिनाची वायर काढणं चुकीचंच, न जळलेलं पेट्रोल जाऊन धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बाद होतो.)

मग इंजिन परत थंड होऊ दिलं, एअर मारून प्लगच्या बाजूची माती उडवली, कारण नाहीतर तीच आत पडते, आणि तिन्ही प्लग काढून बाकावर नंबराने मांडून ठेवले. एक आणि तीन नंबरचं टोक बिस्किटाच्या रंगाचं, कोरडं. मधला काळा आणि ओला. त्यांनी तो माझ्या नाकाजवळ धरला, पेट्रोलचा वास. तिथे त्यांनी मला जे समजावलं ते मी इथे लिहितोय कारण हे माहीत असतं तर मी त्या २८ हजारांना घाबरलोच नसतो. रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील गेले असतील तर प्लग ऑइलने चिकट होतो आणि सायलेन्सरमधून निळसर धूर येतो. कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय, चोक अडकलाय किंवा एअर फिल्टर तुंबलाय. पांढराफटक पडला असेल तर प्लग जास्त तापतोय. आणि नुसत्या पेट्रोलने ओला असेल तर त्या सिलिंडरमध्ये पेट्रोल पोचतंय पण ठिणगीच पडत नाही. बोअरिंगचा इथे संबंधच नव्हता.

पण प्लग तर नवा, जेमतेम दीड महिन्याचा. मेस्त्रींनी चिनीमातीचा पांढरा भाग फडक्याने पुसला, बॅटरीच्या उजेडात फिरवला आणि म्हणाले, "ही बघ चीर." केसाएवढी. त्या चिरेवरून काळी रेघ खाली लोखंडापर्यंत गेलेली. प्लग पाना तिरका लावून जोर दिला की चिनीमाती अशी तडकते, हवा कोरडी असते तोवर प्लग चालतो, आणि दमट झाली की करंट टोकापर्यंत न जाता त्या चिरेवरून बाहेरच्या बाहेर उतरतो. "नवो आसा म्हणान बरोच असता असा नाय," एवढंच बोलले. शिवाय फिलर गेज (फट मोजायची पट्टी) लावला तर तिन्हींचा गॅप, म्हणजे ठिणगी जिथे पडते ती फट, १ मिलिमीटरच्या वर. माझ्या गाडीला ०.७ ते ०.८ मिलिमीटर लागतो. गॅप जास्त म्हणजे ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज, आणि ते व्होल्टेज मग कमकुवत जागा शोधतं. डब्यातून काढला आणि लावला, गेज लावून बघितलंच नाही कोणी.

यानंतरचं मी कधी बघितलं नव्हतं. तीन नवे प्लग गॅप करून लावले आणि मुलाला शटर ओढायला सांगितलं. आत अंधार. गाडी चालू, आणि मेस्त्रींनी साध्या स्प्रेच्या बाटलीने वायरींवर पाण्याचा अगदी हलका फवारा मारला. दोन नंबरच्या वायरीवरून इंजिनाच्या लोखंडावर निळ्या ठिणग्या उडायला लागल्या, टिकटिक आवाज स्पष्ट ऐकू येत होता, आणि गाडी परत मिसिंग! म्हणजे नुसता प्लग बदलून भागणारच नव्हतं. वायरी कंपनीच्याच होत्या बहुतेक, टोपणांचं रबर कडक होऊन तडकलेलं, खाऱ्या हवेने आतली पितळी टोकं हिरवी झालेली. डेल्को कॅप (जिथून तिन्ही प्लगना करंट वाटला जातो त्याचं झाकण) काढली तर आत पाण्याचे थेंब आणि बारीक काळी रेघ. वायर सेट, कॅप आणि तिच्या आत फिरणारा रोटर तिन्ही बदललं. टोपणांच्या आत सिलिकॉन ग्रीस बोटाने लावलं, पाणी आत जाऊ नये म्हणून, समुद्राजवळच्या गाडीला दर पावसाळ्याआधी हे करायचंच असं सांगितलं. वायरी एकेक करून बदलल्या, सगळ्या एकदम काढल्या नाहीत, कारण ८०० ची फायरिंग ऑर्डर (सिलिंडरमध्ये ठिणगी पडायचा क्रम) १-३-२ आहे आणि अदलाबदल झाली की गाडी फटाके वाजवते नाहीतर चालूच होत नाही.

प्लग बसवण्याची त्यांची पद्धतही मी नीट बघितली. आधी पूर्ण हाताने फिरवत नेतात, पाना नाही, म्हणजे आटे तिरके पकडले तर बोटांनाच कळतं. हाताने घट्ट झाला की मग पान्याने अर्धा ते पाऊण फेऱ्याच्या मधे कुठेतरी, वॉशर दबल्याचं जाणवेपर्यंत. जुना प्लग साफ करून परत लावत असाल तर वॉशर आधीच दबलेला असतो, त्याला जरासंच पुरतं.

मी बसलेलो तेवढ्यात वेंगुर्ल्याचे एक गृहस्थ झेन घेऊन आले. आंबोली चढताना इंजिन ठोकतं अशी तक्रार. प्लग काढले तर टोकं पांढरी. त्या गृहस्थांनी घाटासाठी थंड प्लग (उष्णता लवकर बाहेर सोडणारा) पाहिजे म्हणून मोठ्या आकड्याचा प्लग मागून घेतला होता, पण एनजीकेच्या प्लगवर आकडा वाढला की प्लग थंड, आणि बॉशच्या प्लगवर आकडा वाढला की गरम, बरोबर उलटं. कंपनी बदलली आणि हिशेब तोच ठेवला म्हणून झालं. मला पण हे नवीनच होतं. दुकानात "सहा नंबर द्या" म्हणून चालत नाही, पूर्ण कोड सांगायचा.

कार्बोरेटरच्या मिक्स्चरचा स्क्रूही त्यांनी थोडा सेट केला. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल जास्त असतं, त्याला जळायला हवा कमी लागते, सेन्सरवाली गाडी स्वतः जुळवून घेते पण कार्बोरेटरला ते कळत नाही, म्हणून मिश्रण जरा पातळ पडतं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी. आता गाडी नुसती उभी असताना इतकी शांत चालते की बाबांच्या वेळची आठवण येते.

बिल झालं २,१५० रुपये, सगळ्या सामानासकट, मजुरी त्यात फक्त ४००. जुने प्लग, वायरी, कॅप, सगळं पिशवीत घालून माझ्या हातात दिलं, न मागता. तो चीर गेलेला प्लग मी ठेवलाय.

आता ज्या गोष्टी खटकल्या त्या पण लिहितो. फोन उचलत नाहीत, अजिबात. छापील बिल मिळत नाही, वहीच्या कागदावर लिहून देतात. बसायला एकच बाक आहे आणि बायकामाणसं सोबत असतील तर अवघडच. सामान नसलं की मुलाला कुडाळला पाठवतात, त्यात दोन तास जातात. इंजेक्शनच्या नवीन गाड्या घेत नाहीत, स्कॅनर नाही म्हणून सरळ सांगतात, दुसरीकडे पाठवतात. आणि चतुर्थीच्या आधीचे आठ दिवस आणि मे महिना, चाकरमानी आले की रांग असते, तेव्हा घाईचं काम घेऊन गेलात तर ते घेणार नाहीत, आणि ते मला बरोबरच वाटतं.

त्या चतुर्थीला माटवीचं (गणपतीच्या वर बांधायच्या सजावटीचं) सामान, आजीला डॉक्टरकडे, सगळं याच गाडीने केलं. नंतर ऑक्टोबरात फोंडाघाटातून कोल्हापूरला जाऊन आलो, धो धो पाऊस होता, एकदाही झटका नाही.

जाणार असाल तर आदल्या दिवशी संध्याकाळी गाडी नेऊन ठेवा आणि सकाळी स्वतः हजर राहा. घरी जुने काढलेले प्लग पडले असतील तर तेही घेऊन जा, कुठला कुठल्या सिलिंडरचा ते लक्षात असेल तर नंबर चिकटवून. मेस्त्री ते आधी मागतात.