म्हाताऱ्या लॅब्रॅडॉरचे स्वरयंत्र: टायबॅक की औषध-पथ्य?

उतारवयातल्या लॅब्रॅडॉरचे भुंकणे घोगरे झाले, जिना चढताच श्वास आत घेताना घरघर ऐकू येऊ लागली आणि पशुवैद्यकाने हलक्या भुलीखाली घसा तपासून स्वरयंत्राच्या पक्षाघाताचे निदान केले, की मालकापुढे दोन वाटा उरतात: श्वासाची वाट टाक्याने उघडी ठेवणारी ‘टायबॅक’ शस्त्रक्रिया, नाहीतर औषधे आणि पथ्य.

स्वरयंत्रातली श्वासाची फट आवळणारे स्नायू अनेक आहेत. ती उघडणारा मात्र एकच, क्रायकोॲरिटिनॉइडियस डॉर्सालिस. त्याला चालवणारा रिकरंट लॅरिंजियल मज्जातंतू सरळ घशात जात नाही, तर छातीत उतरतो आणि डावीकडे महाधमनीला, उजवीकडे सबक्लेव्हियन धमनीला वळसा घालून पुन्हा वर चढतो. क्रायकोथायरॉइड स्नायूला वेगळा, क्रेनियल लॅरिंजियल मज्जातंतू मिळतो खरा, पण त्याचे काम स्वरतंतू ताणण्याचे असल्याने फट उघडण्यास त्याचा उपयोग नाही. म्हातारपणीच्या या विकारात लांब मज्जातंतू आधी झिजतात. त्यामुळे मागचे पाय लटपटणे हाही पुष्कळदा त्याच दुखण्याचा भाग असतो.

टायबॅकमध्ये एका बाजूची, बहुधा डावी, ॲरिटिनॉइड कूर्चा (फटीच्या कडेचा कुर्रीसारखा भाग) टाक्याने बाहेर ओढून कायमची उघडी ठेवतात. श्वासाला लगेच वाट मिळते, परंतु स्नायू पुन्हा चालू लागत नाही. ती बाजू गिळतानाही पुरती मिटत नसल्याने अन्नपाणी फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होण्याची भीती जन्मभर राहते. दोन्ही बाजू बांधल्यास ती आणखी वाढते, म्हणून सहसा एकीवरच थांबतात. पोहणे तर बंदच करावे.

औषध-पथ्यात गळ्यातल्या पट्ट्याऐवजी छातीचा हार्नेस, वजन उतरवणे, पहाटेचे फिरणे आणि गरजेनुसार शामक औषध एवढेच येते. सौम्य लक्षणांत ते पुरते. खरी परीक्षा उन्हाळ्यात होते, कारण कुत्रा धापा टाकूनच अंग थंड करतो. अरुंद फटीतून जोराने हवा खेचली की सूज चढते, सुजेने फट आणखी अरुंद होते आणि हिरड्या निळ्या पडण्यापर्यंत वेळ येते. विदर्भातला मे महिना अशा कुत्र्याला केवळ पंख्याखाली काढता येईल, असे मला वाटत नाही.

म्हणून बसल्या जागीही धाप लागत असेल किंवा कुत्रा एकदा कोसळला असेल, तर माझा कल शस्त्रक्रियेकडे, तीही उन्हाळ्याआधी. मात्र खाल्लेले अन्न तसेच बाहेर येत असेल, तर आधी छातीचा एक्स-रे काढून घ्यावा. अन्ननलिका फुगलेली दिसली, तर परत येणारे अन्न उघड्या फटीतून फुप्फुसात जाण्याची भीती असल्याने टायबॅकचा आग्रह मी धरणार नाही.