राखीव इंधन, राखीव दिवस: पॅसिफिक बेटांवरच्या धावपट्ट्या वापरून झाल्यावर

फिजीची राजधानी सुवामध्ये राहून बेटाबेटांवरच्या आरोग्य केंद्रांत लशींचे सौर फ्रिज बसवणं आणि दुरुस्त करणं हे माझं काम. त्यामुळे गेले कित्येक महिने फिजी, तुवालू, सॉलोमन बेटं आणि मार्शल बेटं इथल्या लहान विमानतळांशी रोजचा संबंध आला. इकडे यायचं ठरवणारे मराठी लोक मला दोनच प्रश्न विचारतात. ही छोटी विमानं सुरक्षित असतात का? आणि वेळेवर असतात का? पहिल्याला माझं उत्तर होय. दुसऱ्याला उत्तर: वेळापत्रक हा अंदाज समजा. ही दोन्ही उत्तरं एकाच गोष्टीतून निघतात. इथला वैमानिक सदैव हातचं राखून उडतो, आणि ते राखलेलं तुमच्या वेळेतून आणि तुमच्या सामानातून भरून काढलं जातं. हे एकदा मनाशी पक्कं झालं की इथला प्रवास फार सुखाचा आहे.

वजनकाट्यापासून सांगते. फिजीच्या दूरच्या बेटांवर जाणारं विमान बहुतेक वेळा ट्विन ऑटर असतं. कॅनडात १९६५ साली पहिल्यांदा उडालेलं, दोन टर्बोप्रॉप, म्हणजे पंखा फिरवणाऱ्या, इंजिनांचं, फार तर १९ प्रवाशांचं. १९८८ मध्ये त्याचं उत्पादन बंद झालं होतं. पण आखूड, कच्च्या धावपट्टीवर तसं काम करणारं दुसरं विमान मिळेना, म्हणून दुसऱ्या कंपनीनं हक्क घेऊन ते पुन्हा बनवायला घेतलं आणि २०१० पासून नवी ट्विन ऑटर परत मिळू लागली. या विमानात बसण्याआधी तुमचं वजन होतं, हातातल्या पिशवीसकट. पहिल्या वेळी संकोच वाटतो, पण काउंटरवरचा माणूस आकडा मोठ्यानं वाचत नाही, मुकाट्यानं लिहून घेतो. आधी इंधन, मग माणसं, मग औषधं आणि टपाल, आणि उरलेल्या किलोंत बॅगा, असा एकूण हिशोब. माझी बॅग मागे राहिली आहे आणि पुढच्या फेरीला आली आहे. ती कोणी विसरलेलं नव्हतं, ठरवून उतरवली होती, कारण त्या दिवशी पुढच्या बेटावर हवा बिघडलेली होती आणि इंधन जास्त भरलं होतं. २०१३ मध्ये सामोआतल्या एका छोट्या कंपनीनं किलोच्या हिशोबानं तिकिटं लावली तेव्हा जगभर बातम्या झाल्या. इथे राहिल्यावर मला त्यात गैर काही वाटत नाही. ट्विन ऑटरमध्ये किलो ही खरोखरच विकत घ्यायची वस्तू आहे.

फुनाफुतीबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं. तुवालू या नऊ बेटांच्या देशात विमानतळ एवढा एकच. सुवाजवळच्या नाउसोरीहून एटीआर ७२ विमान निघालं की अडीच तासांच्या आसपास खाली नुसतं पाणी. मग कंकणद्वीपाची, म्हणजे कंकणासारख्या प्रवाळ बेटाची, एक बारीक पांढरी कड दिसते, आणि त्या कडेच्या सगळ्यात रुंद भागात, घरांना खेटून, सुमारे दीड किलोमीटरची धावपट्टी. १९४२ च्या ऑक्टोबरात अमेरिकी सैन्य इथे उतरलं आणि नौदलाच्या बांधकाम तुकड्यांनी, म्हणजे सीबीजनी, ती आखली. माड तोडले गेले. पुलाका नावाचा अळूच्या जातीचा कंद ज्या खड्ड्यांत पिकायचा ते बुजले. भरावासाठी प्रवाळ बेटावरच खणला आणि ते खड्डे उघडे टाकून सैन्य निघून गेलं. त्यांत खारं पाणी चढायचं, कचरा साचायचा, आणि जागाच नसल्यामुळे लोक त्यांच्या काठावर घरं बांधून राहिले. हे खड्डे भरायला २०१५ साल उजाडलं. न्यूझीलंडच्या पैशातून लगूनमधली, म्हणजे बेटाच्या कंकणाआतल्या उथळ समुद्रातली, वाळू उपसून ते भरले गेले. धावपट्टीवरून चालताना मी हे विसरू शकत नाही. ज्या लोकांचा त्या युद्धाशी काही संबंध नव्हता त्यांनी आपली सगळ्यात चांगली जमीन त्यासाठी दिली.

आणि त्याच लोकांनी ती धावपट्टी परत आपलीशी केली आहे. विमान आठवड्यातून मोजक्याच वेळा येतं. बाकी वेळ धावपट्टी हे गावाचं मैदान असतं: फुटबॉल, व्हॉलीबॉल, मोटारसायकल शिकणारी पोरं, फेरफटका मारणाऱ्या बायका. उकाड्याच्या रात्री लोक चटया घेऊन तिथेच झोपतात, कारण वारा तिथेच लागतो. विमान यायच्या आधी सायरन होतो आणि सगळे बाजूला होतात. परदेशी माणसाला हे पाहून धास्ती वाटते. मी जितक्या वेळा पाहिलं तितक्या वेळा धावपट्टी शिस्तीत आणि पूर्ण रिकामी झालेली पाहिली, आणि कुत्री हाकलायलाही माणूस असतो.

तुवालूत दुसरी चालू धावपट्टी नाही. म्हणजे फुनाफुतीवर पावसाची सर बसली आणि उतरता आलं नाही, तर शेकडो किलोमीटर समुद्र ओलांडून दुसऱ्या देशात जावं लागणार. तेवढं इंधन टाकीत असलंच पाहिजे, आणि त्याचं वजन माणसं-सामानाच्या वाट्यातून जातं. म्हणून या फेरीवर एखादं आसन रिकामं दिसलं तर तिकीट खपलं नाही असं समजू नका. प्रवाशानं करायची तयारी: रोख ऑस्ट्रेलियन डॉलर जवळ ठेवा. २०२५ च्या एप्रिलपर्यंत या देशात एकही एटीएम नव्हतं, आणि अडकून पडलात तर राहण्याजेवणाचे पैसे तुमच्याकडे असावेत.

हातचं राखायचं म्हणजे काय हे नॉरफोक बेटावरच्या एका घटनेतून कळतं. नोव्हेंबर २००९ मध्ये रुग्णाला घेऊन सामोआतल्या अपियाहून ऑस्ट्रेलियाला निघालेलं एक छोटं जेट इंधन घ्यायला नॉरफोकला येत होतं. टाक्या पूर्ण भरलेल्या नव्हत्या. वाटेत असताना नॉरफोकची हवा बिघडली, चार वेळा प्रयत्न करूनही धावपट्टी दिसली नाही, आणि दुसरीकडे जाण्याइतकं इंधन नव्हतं. विमान रात्री समुद्रात उतरवावं लागलं. सहाही जण वाचले. मी ज्या ज्या वैमानिकाशी या विषयावर बोलले त्याला ही घटना बारकाव्यांसह पाठ होती.

वैमानिकांशी गप्पा इथे सहज होतात, कारण सामान चढवायलाही कधी कधी तेच असतात. त्यांच्याकडून जे कळलं ते असं. कंकणद्वीप अरुंद, म्हणून धावपट्टी बेट जसं लांबलं तशीच आखावी लागते. वाऱ्याची दिशा बघून आखायची सोय नाही. आडवा वारा हा मग नेहमीचाच. दूरच्या धावपट्ट्यांवर दिवे नाहीत, म्हणून शेवटची फेरी सूर्यास्तावरून ठरते. सकाळी पहिल्या बेटावर झालेला उशीर संध्याकाळी शेवटच्या बेटाची फेरी खातो. पावसाची सर मोठी दिसते पण पुष्कळदा थोड्या वेळात पुढे सरकते, त्यामुळे घिरट्या घालत थांबणं हेच शहाणपण, आणि त्या घिरट्यांचं इंधनही आधी भरलेलं असतं. खाऱ्या हवेनं इंजिनं खराब होतात म्हणून ती गोड्या पाण्यानं धुवावी लागतात. एकानं सांगितलेली गोष्ट मला फार आवडली: दुरून बेट दिसायच्या आधी त्यावरचा ढग दिसतो, आणि ढगाच्या पोटाला लगूनच्या पाण्याची हिरवट झाक असते. जीपीएस समोर असूनही तो ती झाक शोधतो. होडीनं समुद्र ओलांडणारे इथले जुने नावाडीही त्याच खुणेवर बेटं शोधायचे.

सॉलोमन बेटांत धावपट्ट्यांचा इतिहास आणखी जड आहे. राजधानी होनियाराचा विमानतळ जपान्यांनी बांधायला घेतला आणि ऑगस्ट १९४२ मध्ये अमेरिकनांनी काबीज केला; मिडवेच्या लढाईत मरण पावलेल्या मेजर लॉफ्टन हेंडरसन यांचं नाव त्याला दिलं गेलं. सेघेला उतरताना खिडकीतून पाणी बघा. धावपट्टीच्या टोकाशी समुद्राच्या तळावर एक पी-३८ लढाऊ विमान पडलेलं आहे आणि डायव्हर लोक त्यासाठी मुद्दाम येतात. गिझोचा विमानतळ गिझोवर नाहीच. तो नुसातुपे नावाच्या वेगळ्या छोट्या बेटावर आहे, विमानातून उतरून सरळ होडीत बसायचं. फ्रिजचा कॉम्प्रेसर घेऊन जाणाऱ्या माणसाला ही अदलाबदल जड जाते, पण होडीवाल्यांना अवजड सामानाची सवय आहे. पाऊस असेल तर प्लास्टिकचं कापड स्वतःचं न्या.

मुंडा ही मात्र मला या सगळ्यांत सर्वांत नीट विचार करून सुधारलेली धावपट्टी वाटते. १९४२ च्या अखेरीस जपान्यांनी ती माडांच्या झावळ्यांखाली लपवून बांधली होती. आज तिचं महत्त्व वेगळ्याच कारणानं आहे. होनियाराला येणाऱ्या आंतरराष्ट्रीय विमानाला पूर्वी, तिथे उतरता आलं नाही तर थेट परदेशात जायचं इंधन वाहावं लागायचं. न्यूझीलंडच्या मदतीनं मुंडा सुधारली आणि देशातच पर्यायी धावपट्टी तयार झाली. तेवढं इंधन कमी, तेवढे प्रवासी आणि माल जास्त. २०१९ पासून ब्रिस्बेनहून मुंडाला थेट विमानही सुरू झालं. चकाचक टर्मिनलांची उद्घाटनं सगळीकडे होतात. मला विचाराल तर बेटांच्या विमानसेवेसाठी खर्च करायची जागा ही आहे.

उत्तरेला, मार्शल बेटं ते ग्वाम, वेगळाच अनुभव. होनोलुलूहून निघणारं बोइंग ७३७ माजुरो, क्वाजालेन, कोसराए, पोनपे आणि चूक या बेटांवर थांबत थांबत ग्वामला पोचतं. आपल्या एसटीचा लाल डबा गावोगाव थांबतो तसंच: चढणाऱ्याच्या हातात मासळीचा बर्फपेटारा, उतरणाऱ्याला घ्यायला सगळं कुटुंब. ही सेवा १९६८ पासून चालू आहे. या विमानात एक मेकॅनिक सुटे भाग घेऊन प्रवास करतो, कारण मधल्या बेटावर बिघाड झाला तर दुरुस्त करणारं दुसरं कोण आहे? माझ्या दृष्टीनं हेही राखीवच. क्वाजालेन हा अमेरिकी लष्करी तळ. परवानगी नसलेल्यांनी आसन सोडायचं नाही, फोटो काढायचे नाहीत. बाकी थांब्यांवर पाय मोकळे करता आले तर जरूर करा.

या मार्गावर एक अपघात सगळ्यांना माहीत आहे. २८ सप्टेंबर २०१८ ला चूक बेटावर उतरणारं दुसऱ्या एका कंपनीचं ७३७ धावपट्टीच्या अलीकडेच लगूनमध्ये पडलं. आसपासचे लोक होड्या घेऊन धावले. विमानातल्या ४७ जणांपैकी एकाचा मृत्यू झाला. सुरक्षित म्हणताना मी हे लपवत नाही. पायलटला खाली येताना सावध करणाऱ्या सूचना असतात, त्या ऐकायच्या असतात, आणि लाइफ जॅकेटची माहिती देतात तेव्हा प्रवाशानंही मोबाइल खाली ठेवायचा असतो.

माजुरोची धावपट्टी एका बाजूला महासागर आणि दुसऱ्या बाजूला लगून अशी बसलेली आहे. तिचं दुसरं काम पाणी गोळा करायचं. तिच्यावर पडलेला पाऊस शेजारच्या मोठ्या तलावांत साठवतात आणि शुद्ध करून शहराला देतात. कंकणद्वीपावर नदी नाही, ओढा नाही. एवढी मोठी डांबरी पन्हळ दुसरी कुठून आणणार? २०१६ च्या दुष्काळात इथे आणीबाणी जाहीर झाली होती. त्यामुळे माजुरोत उतरताना पाऊस असेल आणि विमान घिरट्या घालत असेल, तर मी मुळीच कुरकुरत नाही.

टोंगाबद्दल थोडक्यात: रविवारी देशांतर्गत विमानं नसतात, तो दिवस पूर्ण सुट्टीचा धरा. जानेवारी २०२२ मध्ये ज्वालामुखीचा उद्रेक झाला तेव्हा मुख्य धावपट्टी राखेखाली गेली आणि शेकडो लोकांनी फावडी आणि हातगाड्या घेऊन ती मोकळी केली. मदतीची पहिली विमानं २० तारखेला उतरली. सामोआहून अमेरिकन सामोआला जायचं तर तिकिटावरची तारीख दोनदा वाचा. सामोआनं ३० डिसेंबर २०११ हा दिवस गाळून दिनरेषेची, म्हणजे जिथे तारीख बदलते त्या रेषेची, बाजू बदलली, तेव्हापासून अर्ध्यापाऊण तासाच्या उड्डाणानंतर तुम्ही आदल्या दिवशी पोचता. हॉटेलचं आरक्षण त्या हिशोबानं करा.

सोयींबद्दल फार सांगण्यासारखं नाही. दूरच्या धावपट्टीवर पत्र्याची शेड, दोनचार बाकडी, कधी स्वच्छतागृह, कधी नाही. पिण्याचं पाणी बरोबर असू द्या. फिजीत लबासाहून निघत असाल तर बाजारातून रोटी पार्सल बांधून घ्या. गिरमिटिया, म्हणजे करारावर आणलेल्या भारतीय मजुरांच्या वंशजांच्या, कुटुंबांच्या हातची त्या रोटीतली बटाट्याची भाजी तासन्‌तास टिकते, आणि हिंदीत बोललात तर "दीदी, आज विमान देर से आएगा" हेही काउंटरच्या आधी तिथेच कळतं.

आता सगळ्यात उपयोगाचं. नोव्हेंबर ते एप्रिल हा चक्रीवादळांचा काळ, तेव्हा मोकळे दिवस जास्त ठेवा. बाहेरच्या बेटावरून परतण्याचा दिवस आणि फिजीच्या मुख्य आंतरराष्ट्रीय विमानतळावरून, नांदीहून, भारताकडे निघण्याचा दिवस यांत किमान दोन रात्री असू द्या, फुनाफुतीहून येत असाल तर तीन. दोन्ही तिकिटं वेगवेगळी काढलेली असतील तर पहिलं विमान चुकल्याची जबाबदारी दुसरी कंपनी घेत नाही. काम वेळेत संपलं आणि विमानही वेळेवर आलं, तर त्या दोन रात्री सुवाच्या बाजारात आणि समुद्रकाठी छान जातात.