गिटसाठी ग्राफिकल टूल: फोर्क, सब्लाइम मर्ज आणि बाकीची

फाइलींमधल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या गिटचं ग्राफिकल टूल (कमांड टाइप न करता बटणांनी चालणारं) घेताना पहिल्यांदा एकच गोष्ट तपासा: फाइलमध्ये दहा ओळी बदलल्या असतील तर त्यातल्या नेमक्या चारच कमिट करणं, म्हणजे इतिहासात नोंदवणं, किती सोपं आहे? पुश-पुल (बदल सर्व्हरवर पाठवणं आणि तिथून आणणं) टर्मिनलमध्येही चुटकीसरशी होतं. बदल डोळ्यांनी बघून, निवडून, नेटकी कमिट बांधायला मात्र टूल हवंच.

या कसोटीवर विंडोज आणि मॅकसाठी आमची पसंती फोर्कला. ओळी निवडून स्टेज करणं (पुढच्या कमिटसाठी वेगळ्या काढणं), ब्रांचचा म्हणजे कामाच्या समांतर शाखांचा आलेख, इंटरॅक्टिव रीबेसमध्ये (आधीच्या कमिट नव्याने रचताना) कमिट ओढून क्रम बदलणं, कॉन्फ्लिक्ट (एकाच जागी दोन वेगळे बदल) सोडवायची स्वतःची विंडो, सगळं हाताशी आहे. लायसन्सचे पैसे एकदाच भरायचे, आणि त्याआधी वापरून बघता येतं.

फोर्क लिनक्सवर चालत नाही. तिथे सब्लाइम मर्ज घ्या. ते तिन्ही सिस्टिमवर चालतं आणि झटपट उघडतं. कॉन्फ्लिक्ट आला की एका बाजूला आपला बदल, दुसऱ्या बाजूला समोरच्याचा आणि मधे तयार होणारी फाइल दिसते. बटण दाबल्यावर गिटची कुठली कमांड चालणार तेही ते दाखवतं, त्यामुळे शिकणाऱ्याला टूलसोबत गिटही कळत जातं. ट्रायलला मुदत नाही, पण डार्क थीम लायसन्सशिवाय मिळत नाही.

गिटहब डेस्कटॉप फुकट आहे आणि नवख्यांसाठी उत्तम. ओळी निवडून कमिट त्यातही होते. पण इतिहास सरळ यादीसारखा दिसतो, ब्रांचचा आलेख नाही. चार-पाच ब्रांच एकाच वेळी चालू असल्या की ही उणीव लगेच जाणवते. सोर्सट्रीही फुकट आणि सोयींनी भरलेलं, पण मोठ्या रेपोवर (प्रोजेक्टच्या फाइली आणि त्यांच्या इतिहासाच्या साठ्यावर) जड वाटतं. गिटक्रॅकेनचा आलेख देखणा आहे, मात्र खासगी रेपोसाठी पैसे मोजावे लागतात. काहीच विकत घ्यायचं नसेल तर गिटके आणि गिट गुई आहेतच. विंडोजवर ती गिटसोबतच येतात, उबुंटूवर वेगळी पॅकेजेस टाकावी लागतात. रूप जुनाट, पण गिट गुईमध्ये ओळीवर राइट क्लिक केलं की तेवढीच ओळ स्टेज होते.

आता अडतं कुठे ते. विंडोजवर टर्मिनलमधून क्लोन होतं (सर्व्हरवरच्या रेपोची प्रत उतरते) आणि टूलमधून परवानगी नाकारली जाते, तेव्हा एसएसएच क्लायंट, म्हणजे सर्व्हरशी सुरक्षित जोडणी करणारा प्रोग्रॅम, तपासा. टॉर्टोइसगिट या विंडोजवरच्या गिट टूलचा मूळ क्लायंट पुटी या एसएसएच प्रोग्रॅमच्या घराण्यातला आहे. त्याला पीपीके प्रकारची की (ओळख पटवणारी फाइल) लागते, ओपनएसएसएचची नेहमीची की चालत नाही. टॉर्टोइसगिटच्या सेटिंग्जमधल्या नेटवर्क विभागात गिटसोबत आलेल्या एसएसएच फाइलचा पत्ता द्या. सोर्सट्रीमध्ये ऑप्शन्समधून ओपनएसएसएच निवडा.

मॅकवर वेगळीच अडचण येते: टर्मिनलमध्ये प्री-कमिट हुक (कमिटआधी आपोआप चालणारी स्क्रिप्ट) चालतो, टूलमध्ये ‘नोड सापडत नाही’ म्हणतो. डॉकवरून उघडलेल्या ॲपला शेलच्या फाइलमधला पाथ (प्रोग्रॅम कुठे शोधायचे याची यादी) मिळत नाही. हुकच्या सुरुवातीलाच पाथ लिहून टाका.

डिस्कार्डच्या, म्हणजे बदल टाकून देणाऱ्या बटणापाशी थबका. रीबेसमध्ये हरवलेली कमिट रिफ्लॉगमध्ये (गिटने ठेवलेल्या हालचालींच्या नोंदवहीत) सहसा ३० दिवस सापडते. कधीच स्टेज न केलेला बदल गिटकडे नसतोच, त्यामुळे तो गिटमधून परत मिळत नाही. गिटहब डेस्कटॉप टाकून दिलेल्या फाइली कचरापेटीत ठेवतं, ही त्याची मोठी जमेची बाजू.

मराठी मजकूर असलेल्या रेपोसाठी दोन गोष्टी आधीच करून ठेवा. टर्मिनलमध्ये देवनागरी फाइलनावांऐवजी ३४०, २४४ असे आकडे दिसत असतील तर कोअर डॉट कोटपाथ हे सेटिंग फॉल्स करा. आणि एखाद्या मजकुराच्या फाइलमधले बदल दाखवायच्या ऐवजी टूल तिला ‘बायनरी’ म्हणत असेल, तर ती बहुधा यूटीएफ-१६ मध्ये सेव्ह झालेली असते. त्या फाइलमधले शून्य बाइट बघून गिट तिला मजकूर मानतच नाही. एडिटरमध्ये उघडून यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा आणि ते रूपांतर वेगळ्या कमिटमध्ये ठेवा. त्यानंतरचे बदल ओळीओळीने दिसू लागतात.