माती तपासणी सेवा: बोरॉनचा आकडा मागून घ्या

गव्हाच्या जुन्या पानांची टोकं करपत होती, तेव्हा मी सगळा दोष खारेपणाला दिला. माती तपासणी सेवेत मातीच्या संपृक्त अर्काची विद्युतवाहकता, म्हणजे खारेपणाचं माप, 5 निघाली. गहू साधारण 6 डेसिसायमन प्रति मीटरपर्यंत तग धरतो, कारण त्याची मुळं सोडियम पानांपर्यंत फारसं जाऊ देत नाहीत. खरा त्रास मातीतल्या जास्तीच्या बोरॉनचा होता! ते पाण्याबरोबर वर चढतं आणि पानाच्या टोकाशी साठतं. सहनशील वाण ते मुळांतूनच परत बाहेर टाकतात, हे तिथल्या ताईंनी करपलेलं पान हातात धरून समजावलं. निचऱ्याने मीठ लवकर उतरतं, बोरॉन मातीला धरून राहतं. पण बोरॉन त्यांच्या नेहमीच्या यादीत नाही, वेगळं सांगावं लागतं. ही मोठी उणीव. पेरणीआधी पुन्हा नमुना देणार आहे.