हुमणी दाखवली आणि बाराशे डॉलर नेले

मागच्या वर्षी लॉनवरच्या औषधाच्या नावाखाली एका मुलाने मला फसवलं. गेल्या शनिवारी आमच्या रस्त्यावर तसाच हिरवा टी-शर्ट, तसाच टॅब्लेट घेतलेला मुलगा दारोदार फिरताना दिसला. म्हणून लिहायला बसलो. न्यू जर्सीत नवीन घर घेतलेल्या आपल्या मंडळींनी हे वाचावं.

मागच्या वर्षी एप्रिलच्या शेवटी आमच्या मागच्या लॉनवर एक वरंबा उठला. बोटभर उंच, वेडावाकडा, कुंपणापासून थेट डेकच्या पायऱ्यांपर्यंत. पाय ठेवला की भुसकन खाली बसायचा. आठवड्याभरात असे पाच-सहा झाले. मी घूस समजून उंदराचं औषध आणायला निघालो होतो. शेजारी म्हणाला, ‘हा मोल आहे.’ म्हणजे जमिनीखाली बोगदे करत राहणारा एक छोटा प्राणी.

चारच दिवसांनी तो हिरव्या टी-शर्टातला मुलगा दारात हजर. ‘तुमच्या शेजाऱ्यांकडे आमचं काम चालू आहे,’ म्हणाला. कुठल्या शेजाऱ्याकडे, ते मी विचारलं नाही. मागे जाऊन त्याने फावड्याने हिरवळीचा वीतभर तुकडा कापला आणि पोळी उलटावी तसा उलटा केला. खाली तीन पांढऱ्या, जाडजूड अळ्या, अंगाचं वेटोळं करून पडलेल्या. त्याचं म्हणणं असं: खाली तीस-चाळीस मोलची कॉलनी आहे, ते या अळ्यांसाठी येतात, अळ्या मारल्या की उपाशी मरून निघून जातील. शिवाय जमिनीत आवाजाच्या सौर खुंट्या ठोकायच्या, म्हणजे परत फिरकणार नाहीत.

आई तेव्हा सांगलीहून आली होती. आमचा घरचा ऊस, त्याची मुळं खाणारी हुमणी अळी तिच्या ओळखीची, त्यामुळे ती डेकवरूनच ओरडली, “आरं, ही तर हुमणी की!” मग खाली येऊन म्हणाली, “आन् ही मेली तर त्यो गांडुळं खाईल की. त्याला इचार, गांडुळं बी मारनार हाईस का?” मी विचारलं नाही. “आई, त्यांचं रोजचं काम आहे ते,” म्हणून तिला गप्प केलं. आज हे लिहितानाही कान गरम होतात.

सहा फेऱ्यांचे प्रत्येकी 149 डॉलर, आठ खुंट्यांचे प्रत्येकी 45. एकूण 1254. टॅब्लेटवर बोटाने सही केली, कार्ड दिलं. त्याने त्याच दिवशी दाणेदार औषध फेकलं, बिळांत कसल्याशा गोळ्या टाकल्या आणि सगळे वरंबे बुटाने दाबून सपाट केले. दुसऱ्या दिवशी लॉन गुळगुळीत. मी खूश.

फसवणुकीची खरी गंमत या दाबण्यात आहे. मोलचे वरचे बोगदे बरेचदा एकदाच वापरायचे असतात. अन्न शोधत तो पुढे सरकतो, मागचा बोगदा सोडून देतो. तो दाबला आणि परत उठला नाही, तर त्यात औषधाची करामत काही नाही. जुलै-ऑगस्टमध्ये जमीन सुकली की गांडुळं खोल जातात, त्यांच्यामागे मोलही खोल जातो आणि वर सगळं शांत. ती शांतता त्यांनी मला दोन फेऱ्यांच्या बिलात विकली. सप्टेंबरात पाऊस झाला आणि नवा वरंबा थेट एका खुंटीच्या बुडाखालून गेला. खुंटी तिरकी पडून दर अर्ध्या मिनिटाला किरकिरत होती. फोन केला तर उत्तर तयार: “शेजारून नवीन फॅमिली आली असेल, आणखी आठ खुंट्या लागतील.”

तेव्हा कुठे डोकं ठिकाणावर आलं. रटगर्स विद्यापीठाच्या काउंटी एक्स्टेंशन ऑफिसला, म्हणजे शेती-बागेचा सल्ला देणाऱ्या कार्यालयाला, फोन केला. तिथल्या बाईंनी अर्धा तास दिला, तोही फुकट. मोल एकेकटा राहतो. कॉलनी वगैरे काही नसते, आणि एवढी नासधूस एकटा मोल करू शकतो. तो धान्याच्या गोळ्या खात नाही, कारण तो उंदीर नाहीच. मुख्य खाणं गांडुळं. हुमणीचं म्हणाल तर निरोगी लॉन चौरस फुटाला पाचेक सहज सोसतं आणि मे महिन्यातली पोसलेली हुमणी औषधाला दाद देत नाही. मारायचीच तर उन्हाळ्याच्या अखेरीस, कोवळी असताना. (इथल्या हुमणीचा भुंगेरा जपानी. अमेरिकेत तो पहिल्यांदा सापडला 1916 मध्ये, आपल्याच राज्यात, रिव्हर्टनजवळच्या नर्सरीत.) खुंट्यांबद्दल विचारलं तर बाई नुसत्या हसल्या.

त्यांनी सांगितलं ते एवढंच: सगळे वरंबे पायाने दाबा, दोन दिवस थांबा, जो पुन्हा उठेल तोच वापरातला. सापळा तिथे. माझ्याकडे एकच उठला, तोही कुंपणालगतचा सरळसोट. परवानाधारक ट्रॅपर बोलावला, त्याने दोन सापळे लावले, चौथ्या दिवशी एक मोल सापडला. वीतभरसुद्धा नाही. मखमलीसारखं करडं अंग, डोळे दिसतच नाहीत, पण पुढचे पंजे फावड्यासारखे रुंद आणि बाहेर वळलेले. आई तोवर परत गेली होती. व्हिडिओ कॉलवर पाहून म्हणाली, “चिचुंद्रीची भैण दिसतीया.” बरोबरच होतं तिचं, दोघी एकाच गणातल्या. त्यानंतर वरंबा उठलेला नाही.

पैशांचं काय झालं? दारात येऊन केलेल्या अशा विक्रीत 25 डॉलरचा किंवा त्याहून मोठा सौदा तीन कामकाजी दिवसांत रद्द करता येतो, तसा केंद्रीय नियमच आहे, आणि रद्द करण्याच्या फॉर्मच्या दोन प्रती विकणाऱ्याने द्यायच्या असतात. मला एकही मिळाली नव्हती. मीही मागितली नव्हती. पैसे घेऊन दुसऱ्याकडे कीटकनाशक मारणाऱ्याला न्यू जर्सीत राज्याच्या पर्यावरण खात्याचा परवाना लागतो. करारावर परवान्याचा नंबर कुठेच नव्हता, तो विचारल्यावर फोन उचलणं बंद झालं. मार्चमध्ये कार्डावर आपोआप 149 डॉलर पुन्हा लागले, नूतनीकरण म्हणून. बारीक अक्षरांत ते लिहिलेलं होतं. ते तेवढे बँकेने तक्रारीनंतर परत दिले. बाकीचे 1254 गेले.